म्हाताऱ्या पावसाआधी

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा रोहिणी नक्षत्र सरत आलेले असेल आणि मृग दाराशी येऊन उभा असेल. आमच्या महाडात सकाळी चवदार तळ्याच्या बाजूने फेरी मारणाऱ्या ज्येष्ठ मंडळींच्या बोलण्यात या दिवसांत गुडघे आणि मधुमेह मागे पडतात व पाऊस पुढे येतो. २० मार्चला, १९२७च्या सत्याग्रहाच्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी आलेल्या माणसांनी फुलून जाणारा हा परिसर मे महिन्याच्या अखेरीस बराच निवांत असतो. त्या निवांतपणात कुणीतरी हमखास विचारते, "यंदा तरणा जोराचा, की म्हातारा?"

पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याचा तो म्हातारा, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. पुष्य साधारण २० जुलैला लागते आणि ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपते. नाव म्हाताऱ्याचे असले तरी त्याच्या अंगातले बळ आम्ही पुरेपूर पाहिले आहे. २००५च्या जुलै महिन्यातील २५ तारखेला दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना दगडी पूल दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनांसह पुरात गेला. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत पडली आणि तिच्यातून एकच जण जिवंत वर आला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाव दरडीखाली गेले आणि त्याच वेळी महाडची बाजारपेठ पाण्यात बुडाली. चारही तारखा म्हाताऱ्या पावसाच्या. यात नक्षत्राचा दोष नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस ऐन भरात असण्याचा तो काळ आहे, आणि आपल्या पूर्वजांनी तो अचूक हेरून त्याला नाव दिले एवढेच. मात्र या चारांपैकी दोन घटना रस्त्यावरच्या आहेत, हे लक्षात ठेवून आजचा लेख वाचावा.

नेहमी या सदरात मी औषध, आहार किंवा शुश्रूषा यांविषयी लिहिते. आज घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीविषयी लिहिणार आहे. तो विषय माझा नव्हे, असे मलाही अनेक वर्षे वाटत होते. ते कसे बदलले, ते आधी सांगते.

माझे सासरे, ज्यांना सारे गाव आप्पा म्हणत असे, पोलादपूरच्या बाजूला आमच्या जुन्या घरी राहत. वय ७८. हृदयाचे स्नायू दुर्बल झालेले. दिवसाला सहा गोळ्या. त्यांच्या औषधांचा खण मी दर रविवारी स्वतः तपासत असे. कोणती गोळी संपत आली, कोणत्या पाकिटाची मुदत सरली, याची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेत होती. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची मोटार होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे तीन आठवडे त्यांनी ती चालवली नव्हती आणि आमच्यापैकी कुणी तिच्याकडे पाहिलेही नव्हते. जुलैतल्या एका रात्री दोनच्या सुमारास त्यांना धाप लागली. उशीवर डोके टेकवता येईना. वीज गेली होती, तिच्यापाठोपाठ मोबाइलची रेंजही. घरात होते ते इंजेक्शन मी दिले; पण त्यांना प्राणवायू हवा होता आणि तो महाडला होता, वीस किलोमीटरच्या आत. मी किल्ली फिरवली. 'टक्' असा एक कोरडा आवाज आला आणि बस्स. बॅटरी पूर्ण उतरली होती.

शेजारचा दूध पोहोचवणारा मुलगा आपली जीप घेऊन धावत आला. त्या जीपच्या वायपरचे रबर फाटलेले होते. काचेवर पाणी पुसले जात नव्हते, नुसते पसरत होते. एरवी अर्ध्या तासाच्या त्या रस्त्याला आम्हाला सव्वा तास लागला; तो मुलगा खिडकीतून डोके बाहेर काढून गाडी चालवत होता आणि मी मागे आप्पांना बसते धरून त्यांचे श्वास मोजत होते. आप्पा अतिदक्षता विभागात आठ दिवस राहून घरी आले, पुढे चार वर्षे जगले. पण त्या रात्रीनंतर मी दिनदर्शिकेत औषधांच्या खाली आणखी एक ओळ घातली : बॅटरी, टायर, वायपर.

ज्या घरात हृदयाचा, दम्याचा, मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्या घरची मोटार ही औषधांच्या कपाटाचाच एक खण आहे. खणातली गोळी मुदतबाह्य असलेली आपण चालवून घेत नाही. मग टायर का चालवून घेतो?

माझ्या एक जुन्या रुग्ण गेल्या वर्षी कॅनडातील मॉन्ट्रियलला मुलाकडे हिवाळा काढून आल्या. त्या सांगत होत्या की पहिला बर्फ पडण्याआधी तिथे घरोघरी टायर बदलण्याची धांदल उडते, जशी आपल्याकडे पागोळ्यांखाली पन्हळ लावण्याची. त्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे. साधे रबर थंडीत कडक होते आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. शिवाय गाडीत घोंगडी, फावडे, विजेरी, खाण्याचे काही, आणि टाकी किमान अर्धी भरलेली, हा तिथला शिरस्ता. बर्फात अडकलेच तर धुराच्या नळीभोवतीचा बर्फ आधी उपसायचा, नाहीतर विषारी वायू आत साचून माणसे बसल्या जागी बेशुद्ध होतात. (तुम्हीही हिवाळ्यात मुलांकडे जाणार असाल, तर सुनेला मदत म्हणून अंगणातला बर्फ उपसायला मात्र जाऊ नका. कडाक्याची थंडी आणि अचानक पडलेले श्रम ही हृदयरुग्णासाठी फार वाईट जोडी आहे.) ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत म्हटले आहे की ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या किमान दुप्पट अंतर लागते आणि बर्फावर ते दहापटीपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून सक्तीही नाही. पण दुप्पट अंतराचा नियम आंबेनळीलाही लागू आहे, आणि तारीख ठरवून द्यायला आपल्याकडे मृग आहे.

आता ज्येष्ठांच्या घरच्या मोटारीविषयी. तिचा मुख्य आजार अतिवापर हा नसून निष्क्रियता हा आहे. म्हणजे आपल्या सांध्यांसारखाच. महिन्यातून दोनदा दवाखान्यात आणि एकदा देवळात जाणारी गाडी दिसायला नवी असते. "फक्त बारा हजार किलोमीटर चालली आहे हो," असे तिच्याविषयी अभिमानाने सांगितले जाते. परंतु उभ्या गाडीची बॅटरी थोडी थोडी उतरतच असते. रोज सकाळी पाच मिनिटे जागच्या जागी इंजिन सुरू ठेवल्याने ती भरून येते, हा समज चुकीचा आहे; तेवढ्यात सुरू करताना खर्च झालेलीही पुरती भरून येत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी रस्त्यावर चालली पाहिजे. बॅटरीला चार वर्षे झाली असतील, तर मृगाआधी ती तपासून घ्यावी आणि जंपर केबल गाडीत ठेवावी. त्या रात्री आमच्याकडे ती केबल असती, तर जीपच्या बॅटरीवर आमची गाडी सुरू झाली असती.

टायरचेही तसेच. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला, असे नाही; रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते, कडक होते, त्याला बारीक भेगा जातात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. चष्मा लावून, हातात विजेरी घेऊन चारही टायरांचे आणि पाचव्या स्टेपनीचे हे आकडे एकदा वाचा; सहा वर्षे उलटून गेलेला टायर गॅरेजवाल्याला आवर्जून दाखवा. खोबणीच्या तळाशी ठराविक अंतरावर छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला, म्हणजे खोबण १.६ मिलिमीटर उरली. ती शेवटची मर्यादा आहे. पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटर तरी हवी. रस्ता आणि टायर यांच्यामधले पाणी बाहेर फेकणे हे त्या खोबणीचे काम. ते जमले नाही की टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि सुकाणू हातात असूनही गाडी आपली राहत नाही. असे झाल्यास घाबरून ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, सुकाणू सरळ धरावे आणि टायर पुन्हा रस्त्याला लागू द्यावा.

कोकणच्या दमट हवेत उभ्या गाडीच्या ब्रेकवर गंज चढतो आणि ओढून ठेवलेला हँडब्रेक कधी कधी तसाच चिकटून बसतो. सपाट जागी गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर ती गिअरमध्ये ठेवून चाकांना दगडाची उटी लावावी आणि हँडब्रेक मोकळा ठेवावा. आणि उंदीर! पावसात उबेला आलेले उंदीर इंजिनाच्या वायरी कुरतडतात. आठवड्याच्या त्या अर्ध्या तासाच्या फेरीआधी बॉनेट उघडून पाहण्याची सवय लावली, तर ही कुरतड वेळेत लक्षात येते. वायपरचे रबर मात्र दरवर्षी बदलावे, ते चांगले दिसत असले तरीही. उन्हाळ्यात ते तापून कडक झालेले असते. सगळ्या तयारीत सर्वांत स्वस्त वस्तू तीच आहे, आणि त्या रात्री सर्वांत महाग पडलेलीही तीच.

काचेवरच्या धुक्याबद्दल थोडे अधिक सांगते, कारण वयस्क डोळ्यांना त्याचा त्रास दुप्पट होतो. ओल्या छत्र्या, ओले कपडे आणि चार माणसांचे श्वास यांनी गाडीतली हवा दमट होते आणि गार काचेला ती चिकटते. हाताने पुसून उपयोग होत नाही. वातानुकूलन सुरू करून बाहेरची हवा आत घेण्याची कळ दाबावी आणि झोत समोरच्या काचेवर सोडावा; वातानुकूलन यंत्र हवेतले पाणी काढून घेते, म्हणून काच स्वच्छ होते. कधी उलटेही घडते. आत फार गार केले की धुके काचेच्या बाहेरच्या बाजूला धरते. मग वायपर फिरवावा आणि आतला गारवा कमी करावा. "मला एसीचा वारा सोसत नाही" असे म्हणणाऱ्या आजींच्या खांद्यावर शाल द्यावी. एसी बंद करू नये.

पाणी हा या प्रदेशातला सर्वांत कठीण भाग. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. २०२१च्या त्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वर पडलेले पाणी खाली येणारच. आणि त्याच वेळी खाडीला भरती असेल, तर ते महाडात तुंबून राहते. म्हणून महाबळेश्वरचा पाऊस आणि बाणकोटची भरती या दोन गोष्टी आमच्याकडची जुनी माणसे एकत्र विचारतात. आपणही विचाराव्यात. पुराचा इशारा असेल, तर गाडी आधीच उंचावर नेऊन लावावी. पाण्यात बुडालेली गाडी 'चालू होते का पाहू' म्हणून सुरू करू नये. इंजिनात पाणी शिरून ते कायमचे निकामी होते, आणि साध्या विम्यात ही हानी बहुधा धरली जात नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल, तर काय करायचे? वाहते पाणी एक फूट झाले की छोट्या मोटारीला ते वाहून नेऊ शकते; दोन फुटांत बहुतेक मोटारी तरंगतात. खाली रस्ता उरला आहे की नाही, हे वरून कळत नाही. बुडणाऱ्या गाडीतून सुटण्याचा मार्ग तरुणांना शिकवतात : पट्टा सोडा, खिडकीची काच लगेच खाली करा, ती होत नसेल तर बाजूच्या काचेचा कोपरा हातोडीने फोडा आणि खिडकीतून बाहेर पडा. समोरची काच फुटत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. हे ठाऊक असावे, छोटी हातोडी गाडीत असावी. पण ज्यांना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागतो, ज्यांचा गुडघा बदललेला आहे, त्यांनी खिडकीतून बाहेर पडायचे कसे? आपल्या गाडीत असा एक जरी प्रवासी असेल, तर वाहत्या पाण्यापुढे आपला पर्याय एकच उरतो, गाडी मागे वळवणे. पुढची एसटी गेली, ट्रक गेला, हे कारण होऊ शकत नाही. मागे वळायला सांगण्याचा अधिकार मी रुग्णालाही देते. मागच्या आसनावरून आजोबांनी "वळव" म्हटले, तर चालकाने वाद घालू नये.

घाटाचे नियम जुन्या चालकांना पाठ असतात, म्हणून थोडक्यात सांगते. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा आत्मघात आहे. चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी. धुक्यात मोठा झोत लावला की पांढरी भिंत उभी राहते, म्हणून दिवे खालचेच ठेवावेत. चारही इंडिकेटर एकदम चमकवत गाडी चालवण्याची जी प्रथा पडली आहे, ती चुकीची आहे. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत, आणि चालत्या गाडीवर ते लावले की आपण कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. पुढच्या गाडीपासून कोरड्यात दोन सेकंदांचे अंतर ठेवत असाल, तर पावसात चार सेकंदांचे ठेवा. धबधबा पाहण्यासाठी किंवा उलटी झाली म्हणून कड्याखाली थांबू नका; उघड्या, रुंद जागेपर्यंत जा. रस्त्यावर बारीक खडे पडू लागले, ओहोळाचे पाणी एकाएकी लाल गढूळ झाले, झाडे रस्त्याकडे कललेली दिसली, तर डोंगर सरकत असण्याची शक्यता असते. पडलेली दरड ओलांडण्याचा प्रयत्न नको. तिच्यामागून दुसरी येऊ शकते.

आणि घाट बंद असेल, तर बंदच समजावा. महाडहून भोरमार्गे पुण्याला नेणारा वरंधा घाट पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश अनेकदा निघतात. २०२१च्या पावसानंतर आंबेनळीही खचून दीर्घकाळ बंद होता. "माझ्या ओळखीचा एक जण कालच गेला" या वाक्यावर आजारी माणसाला घाटात नेऊ नये. खेडच्या दिशेला कशेडीचा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाल्याने एक अवघड चढ टळला, हे खरे. पण उजेडातून बोगद्याच्या अंधारात शिरताना साठीनंतरच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. बोगद्याच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच दिवे लावा, गडद चष्मा काढा, वेग कमी करा.

आता गाडीतल्या शरीरांकडे येऊ. प्रवासात लघवीला थांबावे लागेल या संकोचाने आमच्या भगिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी चक्कर येते, पायात गोळे येतात, आणि दोन दिवसांनी लघवीची जळजळ घेऊन त्या माझ्यासमोर बसतात. पाणी प्यावे, थोडे थोडे प्यावे, आणि थांबण्याच्या जागा चालकाने आधीच ठरवून ठेवाव्यात. दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालणे पायातल्या रक्तप्रवाहासाठीही आवश्यक आहे. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी कधी घ्यावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. मनानेच बंद करू नये. आप्पांची त्या रात्रीची धाप अशाच दोन चुकवलेल्या गोळ्यांची होती.

घाटात मळमळते म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळीबद्दल सावध करते. प्रोमेथाझिनसारख्या औषधांनी ज्येष्ठांना गुंगी येते, कधी भ्रम होतो, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडते, आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना ती धोक्याची असतात. गाडी चालवणाऱ्याने तर ती, तसेच सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, मुळीच घेऊ नयेत. त्याऐवजी पुढच्या आसनावर बसावे, नजर दूर रस्त्यावर ठेवावी, पोट रिकामे किंवा तुडुंब नसावे, आल्याचा तुकडा तोंडात धरावा. मधुमेहींनी जेवणाच्या वेळेचा भरवसा धरू नये. दरड पडली की दोन तासांचा रस्ता आठ तासांचा होतो, आणि घेतलेले इन्सुलिन मात्र आपले काम करीतच राहते. घाम, थरथर, चिडचिड दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे; शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

म्हणून गाडीबरोबर एक पिशवी असावी. ती गाडीत कायमची ठेवायची नाही, कारण बंद गाडीच्या उष्णतेने औषधे खराब होतात. दाराजवळच्या खुंटीवर टांगायची आणि निघताना उचलायची. तीन दिवसांची औषधे, इन्सुलिनसाठी थंड पिशवी, साखर, पाणी, शेंगदाण्याचे लाडू, कोरडे कपडे, प्रौढांचे डायपर, विजेरी, भारित पॉवर बँक. औषधचिठ्ठीची आणि शेवटच्या ईसीजीची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात. एका कागदावर मोठ्या अक्षरांत आजार, ॲलर्जी, नातेवाइकांचे क्रमांक आणि १०८. मोबाइल बंद पडला की आपल्या मुलाचाही क्रमांक आपल्याला आठवत नाही, हे लक्षात आले आहे का? आणि धाप लागलेल्या रुग्णाला मागच्या आसनावर आडवे करून नेऊ नये. पाठीला आधार देऊन, पट्टा लावून, बसतेच न्यावे.

काही रुग्णांना थांबता येत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस लागणारे त्यांत पहिले. त्यांच्या घरच्यांनी जूनमध्येच आपल्या केंद्राशी बोलून घ्यावे : रस्ता बंद झाला तर जवळचे दुसरे केंद्र कोणते, आणि एक पाळी चुकलीच तर पाणी, मीठ व पोटॅशियमयुक्त फळे किती काटेकोर तोडायची. घरी प्राणवायूच्या यंत्रावर असणाऱ्यांनी वीज गेल्यास किती तास निभेल, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. जोराच्या पावसाचा इशारा आला, की पाऊस पडण्याआधी रुग्णाला शहरातल्या बहिणीकडे, भाच्याकडे दोन रात्री हलवणे हे रात्री दोन वाजता घाटातून नेण्यापेक्षा कितीतरी सोपे. यजमानांना भार होईल या संकोचाने हे टाळले जाते. दोन रात्रींचा पाहुणा कोकणात अजून कुणाला जड झालेला मी पाहिला नाही.

शेवटी गाडीच्या किल्लीविषयी, कारण पत्रांतून हा प्रश्न मला वारंवार येतो. आजोबा अजून गाडी चालवतात. त्यांना थांबवावे का, आणि कसे? वय हा निकष नव्हे. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपून काही क्षण काहीच दिसत नाही, मान वळवून मागे पाहता येत नाही, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकते, गाडीवर नवे ओरखडे दिसतात आणि ते कुठे लागले हे सांगता येत नाही, हे निकष. प्रथम डोळे तपासावेत. मोतीबिंदू काढल्यावर पुष्कळदा प्रश्न सुटतो. नंतर रात्र, पाऊस आणि घाट एवढेच आधी सोडावे. दिवसाची बाजारापर्यंतची फेरी चालू ठेवावी. चारचौघांत, नातवंडांसमोर किल्ली काढून घेणे हा अपमान आहे, आणि अपमानित माणूस दुसऱ्या दिवशी हट्टाने गाडी काढतो.

आप्पांच्या बाबतीत मी काहीच बोलले नव्हते. दवाखान्यातून घरी आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी त्या दूधवाल्या मुलाला बोलावून घेतले. गाडीची दुसरी किल्ली त्याच्या हाती दिली आणि सांगितले की दर रविवारी सकाळी येऊन मला महाडपर्यंत फिरवून आणायचे, म्हणजे बॅटरीही टिकेल आणि मीही. तो आला की आप्पा आधी टायरांना काठीने टोचून पाहत, मग वायपरवर बोट फिरवत, आणि नंतर पुढच्या आसनावर बसून वाटभर त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत. त्या मुलाला ते सारे येत होते. तरी तो ऐकून घेत असे.